राजगड ते तोरणा एका दिवसात: पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

राजगडाच्या संजीवनी माचीवर उभं राहिलं की समोर तोरण्याचा बुधला हा सुळका दिसतो. हवा स्वच्छ असेल तर तो इतका जवळ भासतो, की नवखा माणूस 'दोन तासांचं काम' असा अंदाज बांधून मोकळा होतो. प्रत्यक्षात पद्मावती माचीवरून निघून डोंगराच्या धारेने तोरणा गाठायला आणि पलीकडे पायथ्याच्या वेल्ह्यात उतरायला 9 ते 11 तास लागतात. वाट फार अवघड नाही, दोरही लागत नाही. पण आधी मोठी उतरण, मग लांबलचक उघडी धार, मग भर दुपारी तोरण्याचा चढ आणि शेवटी थकल्या पायांनी पुन्हा उतरण, अशा क्रमाने हा दिवस माणसाला वापरून घेतो. बहुतेकांचं जे बिनसतं ते कड्यावर नाही, तर घड्याळात आणि पाण्याच्या बाटलीत. म्हणून या लेखात त्या दोन गोष्टींना सगळ्यांत जास्त जागा दिली आहे.

कधी जायचं

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य. याच्या आधी धारेवर कमरेएवढं गवत असतं, त्यात वाट दिसत नाही आणि पायाखाली काय आहे तेही कळत नाही. फेब्रुवारी सरला की धारेवरचं ऊन सकाळी दहालाच चटका देऊ लागतं आणि सावली अशी जवळपास नाहीच. पावसाळ्यात ही वाट पहिल्यांदा करू नका. धुक्यात दहा पावलांपलीकडचं दिसेनासं होतं, धारेवरचा वारा उभं राहू देत नाही आणि बुधल्याखालचा कातळ शेवाळाने निसरडा होतो. भर पावसातले फोटो पाहून मोह होतो, हे खरं. पण ते फोटो वाट पाठ असलेल्यांचे असतात.

महिनाभर आधीची तयारी

पुण्याजवळ राहत असाल तर आतकरवाडीतून सिंहगड हा सर्वांत सोपा मापदंड आहे. पाठीवर 6 किलोची सॅक घेऊन चढा, उतरा आणि लगेच पुन्हा चढून उतरा. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या धरून बसाव्या लागल्या तर अजून तीन-चार आठवडे सराव हवा. एका खेपेतच दम संपत असेल तर हा ट्रेक पुढच्या हंगामावर टाका. सिंहगड दूर असेल तर इमारतीचा जिना चालतो: आठवड्यातून तीनदा, सॅकसह, 40 मिनिटं. चढण्याइतकंच लक्ष उतरण्याकडे द्या, लिफ्टने खाली येऊ नका. दिवसाच्या शेवटी गुडघे बोलू लागतात ते उतरणीमुळे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, आणि याची सवय फक्त उतरूनच होते.

त्यानंतर कात्रज ते सिंहगड एकदा करून पाहावं. एकामागून एक टेकड्या चढायच्या आणि उतरायच्या, म्हणजे नेमकं काय लागतं ते तिथे कळतं.

दिशा आणि मुक्काम

राजगडाकडून तोरण्याकडे जा. सकाळचं ऊन पाठीवर राहतं, भरपूर पाणी सुरुवातीलाच मिळतं आणि दिवस वेल्ह्यात संपतो, जिथे एसटी, जेवण, दवाखाना सगळं आहे. उलट दिशेने गेलं तर शेवटच्या दोन तासांत राजगडाच्या अळू दरवाजाचा उभा घसारा चढावा लागतो. दमलेल्या माणसाला तो नको.

मुक्कामाचे दोन पर्याय आहेत. पहिला, आदल्या दिवशी गुंजवणे गावातून चोर दरवाजाच्या वाटेने चढून राजगडावर राहणं. गडावरच्या मुक्कामावर अधूनमधून बंदी येते, त्यामुळे निघण्याआधी गावात फोन करून खात्री करा. 2025 मध्ये राजगड युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आला आहे. नियम कडक असतील तर ते पाळायचे, मंदिराच्या मागे लपून तंबू लावायचा नाही. दुसरा पर्याय म्हणजे पायथ्याला पाली-वाजेघर बाजूला राहून पहाटे साडेचारला पाली दरवाजाच्या वाटेने चढणं. अंधारात चढायचं असेल तर हीच वाट घ्या, कारण ती रुंद आणि पायऱ्यांची आहे. चोर दरवाजाची वाट शेवटी कातळात रेलिंग धरून चढते. विजेरीच्या उजेडात ती नवख्यांसाठी नाही.

आदल्या दिवशी गडावर पोहोचलात तर बालेकिल्ला त्याच संध्याकाळी पाहून घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी 'जाता जाता बालेकिल्ला' करणाऱ्यांचे दीड-दोन तास जातात, आणि तेच तास पुढे तोरण्याच्या चढावर दुपारी बारा ते तीनच्या उन्हात फेडावे लागतात.

गाड्यांचं आधीच ठरवा. सुरुवात एका गावी आणि शेवट दुसऱ्या गावी. स्वतःची गाडी असेल तर ती आदल्या दिवशी वेल्ह्यात लावून जीपने गुंजवण्याला किंवा पालीला जा. उलट केलंत तर संध्याकाळी पाय ओढत गाडीपर्यंत पोहोचण्यासाठी वाहन शोधत बसाल. एसटीने परतणार असाल तर शेवटची गाडी कधीची हे वेल्ह्याच्या स्थानकातच विचारा, इंटरनेटवरच्या जुन्या वेळापत्रकावर विसंबू नका.

सॅकमध्ये काय

पाण्यासकट वजन 8 किलोच्या आत, गडावर मुक्काम असेल तर 10 किलोच्या आत. त्यात हे हवंच:

- पाणी 4 लिटर, शक्यतो चार वेगळ्या बाटल्यांत. एकच मोठा कॅन फुटला की सगळंच गेलं, आणि किती उरलं याचा अंदाजही येत नाही.
- ओआरएसची 3 पाकिटं. एक पाकीट पूर्ण 1 लिटर पाण्यात. अर्ध्या लिटरमध्ये घट्ट करून प्यायल्याने फायदा वाढत नाही, उलट मळमळतं. पाकिटं नसतील तर 1 लिटर पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.
- डोक्याला लावायची विजेरी प्रत्येकाकडे स्वतंत्र, जादा सेलसह. मोबाइलचा टॉर्च चालत नाही: एक हात अडकतो आणि बॅटरी संपते.
- पूर्ण बाह्यांचा सुती-पॉलिस्टर शर्ट, पूर्ण पँट, कानांवर येणारी टोपी. जीन्स नको. घामाने ती जड होते आणि मांड्या सोलते.
- जादा मोज्यांची एक जोडी, चिकटपट्टीचा रोल, छोटी कात्री, क्रेप बँडेज, रोजची औषधं.
- सुट्टे पैसे. सुट्टीच्या दिवशी गडांवर आणि रस्त्याच्या खिंडीत गावकरी ताक, दही, लिंबू सरबत विकतात. हे मिळेल असं धरून पाणी कमी नेऊ नका. मिळालं तर जरूर घ्या, पैसे थेट त्या घरात जातात.

बूट नवे नकोत. निदान 40-50 किलोमीटर चाललेले, तळव्याला खोल खाचा असलेले आणि नेहमीच्या मापापेक्षा अर्धा नंबर मोठे. दिवसभर चालून पाऊल सुजतं आणि उतरताना बोटं पुढे आपटतात. दोन दिवस आधी पायाची नखं सरळ रेषेत कापा. काळीनिळी झालेली अंगठ्याची नखं बहुतेक वेळा वाढलेल्या नखांची आणि सैल लेसची करणी असते.

पहाटेपासून अळू दरवाजापर्यंत

पाचला उठा. पोहे किंवा उपमा, त्याबरोबर अर्धा लिटर पाणी तिथेच पिऊन घ्या, कारण पोटातलं पाणी वाहायला हलकं. पद्मावती मंदिराजवळच्या टाक्यांतून सगळ्या बाटल्या भरा. पाणी फडक्यातून गाळा आणि क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबा. पालीकडून आलेल्यांनीही थोडं आडवळण घेऊन इथे पाणी भरून घ्यावं, कारण इथून तोरण्यावरच्या मेंगाई मंदिरापर्यंत भरवशाचं पाणी नाही.

सहाला चालायला लागा. संजीवनी माचीवर तीन-चार वेळा थांबावं इतकं पाहण्यासारखं आहे. दुहेरी तटबंदी, चिलखती बुरूज, एकाखाली एक उतरत गेलेले तीन टप्पे. मुरारबाजीचा पुरंदर गेला, 1665 च्या तहात 23 किल्ले गेले, तरी जे 12 महाराजांकडे राहिले त्यांत राजगड आणि तोरणा दोन्ही होते. माचीवरून चालताना ते का, हे आपोआप समजतं. पण घड्याळही पाहा: सातला अळू दरवाजात असायला हवं. दरवाजाजवळ वाघाने सांबर पाडल्याचं शिल्प आहे, ते पाहून खाली उतरा.

दरवाजाखालची उतरण हा दिवसातला पहिला परीक्षेचा तुकडा. मुरमाड घसारा आहे, दगड पायाखालून निसटतात. उतरण्याआधी लेस पुन्हा बांधा: घोट्याजवळचे दोन वेढे घट्ट, बोटांवरचे सैल, म्हणजे टाच मागे धरलेली राहते. गुडघे किंचित वाकलेले, पावलं छोटी, वजन पुढच्या पायावर. घाबरून मागे रेललं की बूट सुटतात आणि माणूस बुडावर बसतो. दोघांत 5-6 मीटर अंतर ठेवा. वरच्याच्या पायाखालून दगड सुटला तर लगेच 'दगड!' म्हणून मोठ्याने ओरडायचं. खालच्याने वर बघायचं नाही, डोकं झाकून डोंगराला चिकटायचं.

धार

उतरण संपली की धारेवर मन सैलावतं आणि वेग वाढतो. इथे हात आखडता ठेवा. चालताना एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे. नाही आलं तर वेग जास्त आहे. सकाळच्या दोन तासांत वीस मिनिटं वाचवणारा माणूस दुपारी तासभर गमावतो, कारण एकदा स्नायूतला साठा रिकामा झाला की तो चालता चालता भरून निघत नाही.

50 मिनिटं चाल, 5 ते 7 मिनिटं विश्रांती. विश्रांती जास्त लांबली तर अंग गार पडतं आणि पुन्हा सुरुवात जड जाते. प्रत्येक थांब्याला पाण्याचे चार-पाच मोठे घोट आणि तोंडात काहीतरी: गूळ-शेंगदाणे, खजूर, चिक्की, अर्धं थालीपीठ. भूक लागेपर्यंत थांबू नका. तहानेचंही तसंच, साधारण तासाला अर्धा लिटर हा हिशोब धरा. तीन-चार तास लघवीची भावनाच नाही किंवा रंग गडद पिवळा, म्हणजे पाणी कमी पडतंय.

ओळीत सगळ्यांत हळू चालणारा दुसऱ्या क्रमांकावर, वाट माहीत असणारा पुढे आणि एक दमदार माणूस शेपटाला. शेपटाच्या मागे कुणी राहिलंय असं कधीच होऊ द्यायचं नाही, आणि वाट फुटते तिथे पुढच्याने मागचा दिसेपर्यंत थांबायचं. आठापेक्षा जास्त माणसं असतील तर दोन गट करा.

वाट चुकते ती ढोरवाटांमुळे. गुरांच्या वाटा मळलेल्या, रुंद आणि मोहक असतात, पण त्या धार सोडून उतारावर आडव्या निघतात आणि कारवीत विरून जातात. नियम साधा ठेवा: मुख्य वाट बहुतेक माथ्याच्या आसपासच राहते. दहा मिनिटं सलग माथ्यापासून दूर खाली जात असाल तर थांबा आणि शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत मागे या. 'इथूनच वर चढून धार गाठू' हा निर्णय माणसांना काट्यांत आणि घळींत अडकवतो. मोबाइलवर वाटेचा ट्रॅक ऑफलाइन उतरवून ठेवा, फोन फ्लाइट मोडवर ठेवा आणि तासातून एकदाच पाहा. पहिल्या खेपेला गुंजवण्याचा किंवा पालीचा वाटाड्या सोबत घ्या, हे सर्वांत उत्तम.

खिंडीतला निर्णय

साडेनऊच्या सुमारास वेल्हे-भुतोंडे डांबरी रस्ता धार ओलांडतो त्या खिंडीत पोहोचाल. दिवसातली ही सर्वांत महत्त्वाची जागा आहे, कारण इथून विनासायास बाहेर पडता येतं. याच्या पुढे तोरण्यावरूनच उतरावं लागतं.

वीस मिनिटं बसा. बूट-मोजे काढा, पाय वाळू द्या, मोजे बदला. पायावर कुठेही गरम, चुरचुरती जागा जाणवत असेल तर आत्ताच चिकटपट्टी लावा. फोड येण्याआधीची ती खूण असते. फोड आलेला असेल तर फोडू नका, भोवती गोल कापलेली पट्टी लावून वरून झाका. उरलेलं पाणी मोजा: माणशी दीड लिटरपेक्षा कमी असेल तर पुढे जाऊ नका.

आणि वेळ पाहा. खिंडीतून मेंगाई मंदिर साडेतीन तास, जेवण-विश्रांती पाऊण तास, वेल्हे दोन तास. म्हणजे अकराला निघालात तर सव्वापाचच्या आसपास वेल्ह्यात. डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो. त्यामुळे अकरा ही शेवटची वेळ. उशीर झाला असेल, कुणाला मळमळ, डोकेदुखी, अंगावर काटा येणं असली उन्हाची लक्षणं असतील, कुणाचा गुडघा दुखत असेल, तर रस्त्याने वेल्ह्याकडे वळा. हे निघायच्या आदल्या रात्रीच सगळ्यांच्या संमतीने ठरवून ठेवा. खिंडीत उभं राहून चर्चा केली तर 'एवढं आलोय तर' म्हणणाराच जिंकतो.

बुधला

खिंडीपासून चढ टप्प्याटप्प्याने वाढतो. पावलं निम्मी करा, पण थांबू नका. तीव्र चढावर नागमोडी चाला आणि संपूर्ण तळवा टेकवा, नुसत्या चवड्यावर चढलं की पोटऱ्या गोळा होतात. गोळा आलाच तर बसा, पाय सरळ करून अंगठा स्वतःकडे ओढा, अर्धं मिनिट धरा, मग ओआरएस घ्या.

बुधल्याजवळ कातळाचा तुकडा आणि लोखंडी शिडी आहे. एका वेळी एकच माणूस. हातातली काठी सॅकला अडकवा आणि तीन आधार पक्के असतील तरच चौथा हलवा. बुधला म्हणजे उपड्या ठेवलेल्या तेलाच्या बुधल्यासारखा सुळका. वाट त्याला वळसा घालते, त्याच्यावर चढायचं नाही. कड्यांवर आग्या मोहोळं असू शकतात: अत्तर-डिओडरंट नको, आरडाओरडा नको, धूर तर कुठेच नको. माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड झाकून आल्या वाटेने दूर पळायचं.

गवतात काठी आपटत चाला. फुरसं, घोणस दोन्ही या डोंगरांत आहेत. दंश झाला तर चिरा देणं, चोखणं, करकचून आवळणं यांतलं काहीही करू नका. अंगठी-कडं काढा, तो अवयव फळीने स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, 108 ला फोन करा. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरचा मदत क्रमांक निघण्याआधीच प्रत्येकाच्या फोनमध्ये असावा.

बुधला माचीवरून कोकण दरवाजातून मुख्य गडावर. साडेबारा ते एकच्या दरम्यान इथे असाल, आणखी थोडं चालून मेंगाई मंदिर. जवळच्या टाक्यातलं पाणी गाळून, थेंब टाकून भरा. जेवण अर्धपोटी: एक भाकरी, चटणी, काकडी, ताक. पोटभर पिठलं-भाकरी खाल्ली तर झोप येते आणि उतरणीवर पाय जागेवर पडत नाहीत. 1403 मीटर उंचीचा हा गड महाराजांनी त्याच्या विस्तारामुळे प्रचंडगड केला. झुंजार माची पाहायचा मोह होईल, पण दोननंतर मंदिराजवळ असाल तर ती पुढच्या खेपेला ठेवा.

वेल्ह्याची उतरण

मुरगळलेले घोटे बहुतेक इथले. कोठी दरवाजा, बिनी दरवाजा, मग रेलिंगचा कातळ, मग सोंडेवरची मुरमाड वाट. अंग थकलेलं, गाव दिसायला लागलेलं, त्यामुळे पाय आपोआप घाईला येतात. लेस पुन्हा घट्ट करा, दर अर्ध्या तासाला दोन मिनिटं उभ्यानेच थांबा. रेलिंगवर पूर्ण भार टाकू नका, एखादा खांब सैल असू शकतो. आधी हलवून पाहा. खालून येणाऱ्यांना वाट द्या, दोन्हीकडून एकाच वेळी कातळ ओलांडू नका. गुडघा कुरकुरत असेल तर काठी दुखऱ्या पायाच्या उलट हातात धरा आणि उंच पायऱ्या आडव्या अंगाने उतरा.

घोटा मुरगळला तर बूट काढू नका. सूज वाढली की तो पुन्हा चढत नाही. बुटावरूनच क्रेप बँडेज आठच्या आकारात बांधा, त्याची सॅक वाटून घ्या आणि दोन काठ्यांवर सावकाश उतरवा. पायावर चार पावलंही भार देता येत नसेल तर हाड मोडल्याची शंका धरा आणि मदत बोलवा.

उतरल्यावर

वेल्ह्यात पोहोचताच माणसं मोजा आणि घरी फोन करा. बसण्याआधी पोटऱ्या, मांड्या आणि कंबर प्रत्येकी अर्धा मिनिट ताणा. तासाभरात वरण-भात किंवा उसळ-भाकरी आणि लिटरभर पाणी, थोडं थोडं. दुचाकीने लगेच पुण्याला निघू नका: दिवसभराच्या उन्हानंतर घाटातल्या वळणांवर डोळा लागतो. अर्धा तास आडवे व्हा, चहा घ्या, मग निघा, किंवा एसटी पकडा. दुसऱ्या दिवशी संपूर्ण विश्रांती न घेता वीस मिनिटं सपाटीवर चाला. मांड्यांचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं आणि आठवड्याच्या आत ओसरतं. गुडघ्याच्या सांध्यात सूज किंवा दुखणं त्यानंतरही राहिलं तर ते स्नायूचं नाही, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.